अनुभव धागा: घरी मेंडोलिन जोडायला घेतलं आणि...

पऱ्हाटीवाला
परवा कापूस विकायला काढला. चार महिने पुढची खोली छताला टेकली होती, ती रिकामी झाली तर कोपऱ्यात मेंडोलिनची पेटी. विसरूनच गेलो होतो. उघडली, आत कपडे वाळवायचा एक चिमटा, त्याला अजून सरस चिकटलेला. मग बसलोच लिहायला.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये साळ्याने दिलेला किट उघडला होता. वरची-खालची फळी, आधीच वाकवलेल्या बाजू, मान, पडद्यांच्या (सुरांच्या आडव्या तारा बसतात त्या) खाचा पाडलेली पट्टी, खुंट्या, आठ तारा. वाटलं, जोडलं की झालं. कागदावर पहिलंच माप, तारेच्या लांबीचं, १३ ७/८ इंच. मी कॅल्क्युलेटर काढला. गावातले सुतारदादा म्हणाले, "तेरा इंच सात सूत म्हना ना सरळ. कायले घाबरून रायले?"

बाजूंना आतून पट्ट्या चिकटवताना पंचवीस-तीस शिकंजे लागतात. घरात दोन. बायकोचे सगळे चिमटे उचलले, वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या. चार दिवस आमचे कपडे वाऱ्याने शेजारच्या तुरीत जात होते.

खरी माती खाल्ली ती घोडीपाशी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी ठोकळ्यापाशी. मी ती सरसाने पक्की चिकटवून टाकली. मेंडोलिनची घोडी चिकटवायचीच नसते! तारांच्या दाबावर उभी राहते आणि पुढेमागे सरकवून सूर बसवायचा असतो. माझी मानेकडे जरा जास्त सरकलेली, त्यामुळे मोकळी तार बरोबर, पण वर जावं तसा सूर चढत जायचा. आठ दिवस स्वतःच्या कानाला शिव्या दिल्या. शेवटी गरम सुरीने सोडवली, फळीचा टवका निघाला तो निघालाच.

बाबा तरुणपणी नाटकाच्या साथीला मेंडोलिन वाजवत. त्यांच्या हातात दिलं, तर दोन तारा छेडून म्हणाले, "घोडी हलते का तुही?" आणि ठेवून दिलं.

तुम्ही घरी काय जोडलं, काय मोडलं? येऊ द्या.

झाडीचा_पोट्टा
बुलबुल तरंग. सातवीत. आतमधी काय असते पाहाचं होतं. सगळ्या बटनाच्या स्प्रिंगा उडाल्या. एक पोळ्याच्या दिवशी तांदूळ निवडताना आजीले भेटली. मार पडला तो वेगळा.

वऱ्हाडी_ठेचा
मेंडोलिन म्हंजे लग्नातला बेंजोच ना बे?

पऱ्हाटीवाला
नाही ना बा. लग्नातला तो बटनांचा, बुलबुल तरंगाचाच मोठा भाऊ. मेंडोलिनला दोन-दोन तारांच्या चार जोड्या, सूर व्हायोलिनचेच. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मेंडोलिनच वाजवायचे. संगीतकार सज्जाद हुसेनसुद्धा.

गणित_मास्तर
पडद्यांचा विषय निघाला म्हणून. नववीच्या वर्गात सागाची पट्टी आणि एक तार घेऊन वाद्य केलं होतं. जुना ठोकताळा असा की उरलेल्या लांबीचा अठरावा भाग पुढे सरकून पडदा ठोकायचा, असं बारा वेळा केलं की तार निम्मी. एका पोट्टीने वहीत बारा वेळा गुणाकार केला आणि म्हणाली, "सर, निम्मी नाही येत. ०.५०४ येते." बरोबर होती. १८ नाही, १७.८१७ ने भागावं लागतं. पऱ्हाटीवाल्यांच्या तारेवर हा फरक सव्वा मिलिमीटरचा, आणि तेवढा कानाला टोचतो. ती पोट्टी आता

गणित_मास्तर
चुकून गेलं. ती आता नर्सिंगला आहे.

वर्धेची_लेक
मास्तर, पोळ्या लाटता लाटता वाचून राहिली मी, गुणाकार नका देऊ 🙏

गोंदियाची_लाख
पॉलिश कशाने केलं सांगितलंच नाही तुम्ही. आमच्याकडे पळसावर लाख येते, तिचाच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून मी वडिलांच्या बाजाच्या पेटीला मारला होता. कापडाच्या बोळ्याने, पातळ पातळ हात, दिवसाला दोन-तीन. पण मारला श्रावणात! हवेतली ओल धरून सगळी पेटी ताक शिंपडल्यासारखी पांढरी. वडील काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. दिवाळीनंतर घासून परत केली.

पऱ्हाटीवाला
मी नुसतं जवसाचं तेल चोळलं. घरचंच होतं.

वर्धेची_लेक
जवसाची चटणी आठवली. कोणी घरची पाठवेल का ठाण्याला?

कूलरसमोर
अकोला. युकुलेलेचा किट, मे महिना, बाहेर ४५. वाद्य तापू नये म्हणून कूलरसमोर ठेवलं. रात्रभर ओलं वारं, दिवसा लाईट गेली की भट्टी. तिसऱ्या दिवशी टक्कन आवाज, मागची फळी मधोमध उकलली. त्याच्या चार नायलॉनच्या तारा, तरी हे हाल. मेंडोलिनच्या आठ पोलादी तारांची ओढ मिळून ७०-८० किलो होते म्हणतात, म्हणजे तुरीचं पोतं लटकवल्यासारखंच. तुमचं वाचलं कसं?

पऱ्हाटीवाला
तारा सैल करून ठेवल्या होत्या. आणि चहूबाजूंनी कापूस.

झाडीचा_पोट्टा
भाव काय लागला कापसाले?

पऱ्हाटीवाला
राहू दे ना भाऊ, चांगला विषय चालू आहे.

मोझरीचा_वाटसरू
आमच्याकडे तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे घरोघरी खंजिरी. आजोबा स्वतः मढवायचे. तेव्हा घोरपडीचं चामडं लावत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं. मी मढवायला बसलो तेव्हा प्लास्टिकचं पान घेतलं. आवाज ताट वाजवल्यासारखा, पण पावसात उतरत नाही, शेकोटीवर तापवायची कटकट नाही. आजोबा असते तर फेकून मारली असती.

वऱ्हाडी_ठेचा
पऱ्हाटीभाऊ, बाबांनी मंग वाजवलं का नाही?

पऱ्हाटीवाला
घोडी सोडवली तेव्हा मी फोनवर सूर पाहात ती सरकवत होतो. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तिथंच नुसतं बोट टेकवून काढलेला सूर एक यायला पाहिजे, असं कागदात होतं. बाबांनी फोन बाजूला ठेवला, नखाने टिचक्या मारत घोडी सरकवली, जाड तारांकडून जरा मागे, पातळ तारांकडून पुढे. नंतर फोनवर पाहिलं, काटा मधोमध. वाजवलं थोडं. बोटं दुखतात म्हणाले. २२ मध्ये गेले ते.

वर्धेची_लेक
🙏

गणित_मास्तर
घोडी तिरपीच बसते, जाड तारेला जास्त लांबी लागते. त्यांना हातानेच माहीत होतं.

कूलरसमोर
फोटो टाका भाऊ. टवक्यासकट.

पऱ्हाटीवाला
टाकतो. तारा गंजल्या आहेत, अमरावतीहून नवीन आणाव्या लागतील. आणि तो चिमटा बायकोने धुऊन दोरीला लावला पण.