पक्ष्याच्या रक्ताच्या स्लाइडवर थ्रॉम्बोसाइट (रक्त गोठवणारी पेशी) आणि छोटा लिंफोसाइट (एक प्रकारची पांढरी पेशी) वेगळा कसा ओळखायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. भाची शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला आहे आणि तिला पुढं आफ्रिकन पेंग्विनवर काम करायचंय. 2024 मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला, 10 हजारांपेक्षा कमी जोड्या राहिल्यात, त्यामुळे दक्षिण आफ्रिकेत उपचाराला आलेल्या एकेका पक्ष्याच्या रक्तातून जेवढं कळेल तेवढं काढून घेतात. तेल पोटात गेलं की लाल पेशी फुटून अ‍ॅनिमिया होतो, डासांमुळे होणाऱ्या मलेरियाचे परजीवी स्लाइडवरच दिसतात, आणि ताण किती आहे ते हेटरोफिल (पक्ष्यांमधली दुसरी एक पांढरी पेशी) आणि लिंफोसाइटच्या रेशोवरून बघतात, रेशो जास्त म्हणजे ताण जास्त. तर ती म्हणाली मामा मला स्लाइड वाचायला शिकव, म्हणून आम्ही गावरान कोंबडीच्या रक्तावर सराव चालू केलाय.

अडचण अशी की पक्ष्यांच्या लाल पेशीतसुद्धा न्यूक्लियस असतो, मशीन त्यांनाही पांढऱ्या पेशींत मोजतं, म्हणून आपल्या मशीनचा पांढऱ्या पेशींचा आकडा धरताच येत नाही, सगळं डोळ्यांनी मोजायचं. हेटरोफिल ओळखू येतात, दाणे विटकरी आणि लांबट असतात, इओसिनोफिलचे (तीही पांढरी पेशीच) गोल. पण थ्रॉम्बोसाइटपण न्यूक्लियसवाला, साइजनंपण छोट्या लिंफोसाइटएवढाच, आणि तो चुकून लिंफोसाइटमध्ये धरला की रेशो खाली येतो, म्हणजे घाबरलेला आजारी पक्षीसुद्धा कागदावर ठणठणीत! हे मला फार खटकतंय. रक्त हेपॅरिनमध्ये (रक्त गोठू न देणारं औषध) घेतोय, स्टेन म्हणजे पेशी रंगवायचा रंग लिशमनचा. कुणी पक्ष्यांच्या स्लाइडा बघत असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दादा, आधी हेपॅरिन बाजूला ठेवा, त्यानं पांढऱ्या पेशी नीट स्टेन होत नाहीत आणि मागं निळसर झाक येते. सुईतून आलेल्या ताज्या थेंबाची तिथंच स्लाइड करा आणि हात हलका ठेवा, पक्ष्यांच्या पेशी लगेच फुटतात. थ्रॉम्बोसाइटचा सायटोप्लाझम काचेसारखा स्वच्छ, कडेला एखादा लालसर ठिपका, आणि बहुतेकदा तीन-चार मिळून गुच्छात. लिंफोसाइटचा सायटोप्लाझम निळसर आणि न्यूक्लियसला घट्ट चिकटलेला. पांढऱ्या पेशींच्या एकूण काउंटचा अंदाज हवा तर मायक्रोस्कोपच्या 40 च्या ऑब्जेक्टिव्हवर 10 फील्डमधल्या पांढऱ्या पेशी मोजा, सरासरीला 1600 नं गुणा. आणि भाचीला सांगा, रक्त वजनाच्या 1 टक्क्याच्या आतच घ्यायचं, तीन किलोच्या पेंग्विनला काही वाटत नाही पण 30 ग्रॅमच्या पेट्रेलला (छोटा समुद्रपक्षी) 0.3 मिली म्हणजे हद्द झाली.

धागाकर्ता:
खूप आभार! गुच्छ दिसत होते, पण ते हेपॅरिनमुळं असतील असं वाटत होतं. रविवारी भाची येतेय, तेव्हा ताज्या थेंबाची स्लाइड करून फोटो इथंच टाकतो, तेवढा बघून सांगा.