ओपनजीएलवरचा रेंडरर व्हल्कनवर न्यावा का? पुढच्या चार-पाच वर्षांचा विचार करून सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून एक थ्रीडी गेम बनवतोय. तयार इंजिन घेतलेलं नाही, रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) सी प्लस प्लसमध्ये स्वतः लिहिलाय आणि तो ओपनजीएल ४.५ वर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याच्या जुन्या इंटरफेसवर, चालतो. झाडं, गर्दी, सावल्या असं सगळं एकदम पडद्यावर आलं की फ्रेमरेट कोसळतो. प्रोफायलर लावला तर जीपीयू (ग्राफिक्स चिप) बराच वेळ रिकामा दिसतो आणि सीपीयूचा एकच कोअर ड्रॉ कॉल (‘ही वस्तू काढ’ अशा आज्ञा) पाठवण्यात अडकलेला असतो. बाकीचे कोअर मोकळेच.

व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ या नव्या ग्राफिक्स इंटरफेसांमध्ये नेमका यावरच उपाय आहे. कमांड बफर (आज्ञांच्या याद्या) वेगवेगळ्या थ्रेडवर भरता येतात, पाइपलाइन (वस्तू कशी काढायची याची पूर्ण मांडणी) आधीच बांधून ठेवल्याने ऐन ड्रॉच्या वेळी ड्रायव्हरला फारसं काही तपासावं लागत नाही. २०१३ मध्ये एएमडीने मँटल हा अशाच धाटणीचा इंटरफेस जाहीर केला तेव्हापासून वारा त्याच दिशेने वाहतोय. पुढच्या तीन वर्षांत ॲपलचं मेटल, डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन तिन्ही आले. ओपनजीएलची ४.६ ही आवृत्ती २०१७ ची, त्यानंतर नवी नाही. ॲपलने तर २०१८ मध्येच ते डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नये असं) ठरवलं. रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवण्याची) प्रमाणित एक्स्टेन्शन्स व्हल्कनला मिळाली, ओपनजीएलला नाहीत.

म्हणजे जायचं कुठे हे दिसतंय. अडचण किमतीची आहे. जे काम ड्रायव्हर गुपचूप करत होता ते सगळं आपल्या अंगावर येतं: मेमरीचं वाटप, इमेज लेआउट (चित्रं मेमरीत कशी मांडायची), सिंक्रोनायझेशन (कोणतं काम आधी संपायला हवं). बॅरिअर (आधीचं काम संपेपर्यंत पुढचं थांबवणारी आज्ञा) एका जागी टाकायचा राहून गेला तर एका कार्डवर चित्र व्यवस्थित, दुसऱ्यावर कचरा. व्हॅलिडेशन लेयर (चुका तपासणारी साधनं) बरंच पकडतात, पण सगळं नाही. मोठ्या स्टुडिओत फक्त याच कामाला माणसं असतात. आमच्यात रेंडररवाला मी एकटाच, आणि तेवढ्या महिन्यांत गेमप्ले पुढे सरकला असता.

यातून मला खरी काळजी वाटते ती अशी, की ही ताकद दोन-चार मोठ्या इंजिनांपुरतीच उरेल आणि छोट्यांचे गेम त्या इंजिनांना जे सोपं जातं तसेच दिसू लागतील. आमच्या गेमचा जीवच पडद्यावरच्या हजारो स्वतंत्र वस्तूंमध्ये आहे, म्हणून हा प्रश्न आमच्यासाठी फक्त वेगाचा नाही.

दुसरीकडे व्हल्कन हळूहळू सैल होतंय असंही वाटतं. १.३ मध्ये (२०२२) डायनॅमिक रेंडरिंग गाभ्यात आलं आणि कशावर काय काढायचं ते आधीच जाहीर करणाऱ्या रेंडर पास ऑब्जेक्टची कटकट बरीच मिटली. पाइपलाइन आधी बांधायच्या म्हटल्यावर शेडरचे (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे) असंख्य मेळ तयार होतात, ते खेळताना कंपाइल झाले की गेम अडखळतो. त्यावर आधी पाइपलाइन लायब्ररी (तुकडे आधी बांधून नंतर जोडायची सोय) आणि २०२३ मध्ये शेडर ऑब्जेक्टचं (पाइपलाइन न बांधता शेडर थेट वापरायचं) एक्स्टेन्शन आलं. सुरुवातीची कडक शिस्त अनुभवातून थोडी मागे घेतली जातेय, आणि मला ते फार आश्वासक वाटतं.

आता विचारतो:

ओपनजीएलवरच राहून मल्टी-ड्रॉ इनडायरेक्टने (एका आज्ञेत अनेक ड्रॉ) ड्रॉ कॉल एकत्र केले, कलिंग (न दिसणाऱ्या वस्तू गाळणं) कंप्युट शेडरमध्ये, म्हणजे जीपीयूवर, नेलं, तर सीपीयूचा भार पुरेसा उतरतो का? माझा कल आधी हे करण्याकडे आहे, कारण डेटाची ही मांडणी पुढे व्हल्कनवरही तशीच उपयोगी पडेल. कोणी हा क्रम पाळला असेल तर दुसऱ्या टप्प्यात काय नव्याने लिहावं लागलं?

व्हल्कन १.३ हीच किमान अट ठेवली तर जुने ड्रायव्हर असलेले किती खेळाडू हातचे जातात, प्रत्यक्ष अनुभव काय?

वेबजीपीयू या मुळात ब्राउझरसाठी बनलेल्या ग्राफिक्स इंटरफेसची नेटिव्ह (ब्राउझरबाहेर चालणारी) अंमलबजावणी, म्हणजे डॉन किंवा डब्ल्यूजीपीयू, मधला मार्ग म्हणून कोणी खऱ्या गेममध्ये वापरली आहे का? बॅरिअर ती स्वतः सांभाळते हे मोठं आकर्षण आहे, पण हजारो वस्तूंच्या दृश्यात तिचा स्वतःचा खर्च किती पडतो ते कळत नाहीये.

लक्ष्य विंडोज आणि लिनक्स, मॅक जमल्यास मोल्टनव्हीकेवरून (व्हल्कनच्या आज्ञा मेटलमध्ये बदलणारी लायब्ररी). "तयार इंजिन घ्या" हा सल्ला आम्ही आपसात पुरेसा चर्चिला आहे, तेवढा सोडून बाकी सगळं ऐकायचं आहे. प्रोफायलरचे आकडे हवे असतील तर इथेच टाकतो.