३२० एचपीची ऑक्टाव्हिया आणि बॉनेटखाली भट्टी

बावड्याचा_टर्बो
मंडळी, माझी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस हाय. १.८ टर्बो, कंपनीतनं १५० एचपी. गेल्या वर्षी इंजिन खोललं, फोर्ज्ड रॉड (घडीव, दणकट कनेक्टिंग रॉड) टाकले, गॅरेटचा मोठा टर्बो जीटी२८७१आर आणि ३ इंची डाउनपाइप (टर्बोतनं धूर खाली नेणारा पाइप) बसवला. डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) ३२० आले. गाडी नाद खुळा पळती, पण तापती पण तशीच.

रविवारी रत्नागिरीहून येताना आंबा घाट दाबून चढलो. वर आंब्यात चहाला थांबून गाडी बंद केली आणि पाच मिनिटांत जळक्या ग्रीसचा वास. बॉनेटच्या फटीतनं धूर. वाकून बघतोय तर उजव्या ॲक्सलचं आतलं रबरी बूट फाटलेलं आणि ग्रीस डाउनपाइपवर. ब्रेकचं पेडलही मऊ लागत होतं. मलकापूरपर्यंत चाळीसच्या वर गेलो नाही.

गॅरेजवाला म्हणतो मॅनिफोल्डपासून (इंजिनमधनं धूर गोळा करणाऱ्या पाइपांपासून) खालपर्यंत सगळं रॅप करू (धग अडवणारी पट्टी गुंडाळू) आणि बॉनेट मागनं वॉशर टाकून उचलू. करू का? घरात गाडी विकायचा विषय निघालाय, जरा लवकर सांगा.

शिरोलीचे_काका
पोरा, माझी ३० वर्षं फाउंड्रीत गेली. १४०० अंशांचा रस ओतताना शेजारची केबल वाचवायची तर आम्ही केबलला काही गुंडाळत बसत नाही. मधे पत्रा उभा करतो. पत्रा गरम वस्तूलाही टेकू द्यायचा नाही आणि केबललाही. दोन्हीकडनं बोटभर जागा सोडायची, त्यातनं वारं फिरलं पाहिजे. हे लई जण विसरतात आणि चकचकीत सोनेरी टेप थेट पाइपवर चिकटवतात. ती टेप समोरून येणारी धग परतवायला असते, ज्याला वाचवायचंय त्याच्यावर लावायची.

आता मुद्द्याचं. तुझ्या गाडीला त्या उजव्या सीव्ही जॉइंटवर (ते फाटलेलं बूट ज्या सांध्यावर असतं त्याच्यावर) इंजिनच्या ब्लॉकला बोल्टनं धरलेला एक वाकडा पत्रा असतो. मोठा डाउनपाइप घालताना आडवा येतो म्हणून काढतात आणि परत लावत नाहीत. माझ्या पुतण्याच्या गाडीत हेच झालं होतं. आधी खाली झोपून बघ, तो हाय का.

रॅपचं म्हणशील तर डाउनपाइप स्टेनलेसचा असला तरच कर. साध्या लोखंडावर रॅप पाणी धरतं आणि आतनं गंज खातो. मॅनिफोल्डला नको, धग आतच कोंडून तडा जातो. टर्बोला ब्लँकेट (धग अडवणारं आवरण) घालायचं तर फक्त एक्झॉस्टच्या गोगलगाईवर, म्हणजे त्या गोल वळलेल्या घरावर. मधला बेअरिंगचा भाग उघडा ठेव. आणि कुठं ऑइल गळत असलं तर ते आधी बंद कर. तेल प्यालेलं ब्लँकेट म्हणजे काकडा.

पेठेतला_ट्यूनर
काकांशी सहमत. पण ही धग येते कुठून तेही बघा. मॅप (ईसीयूतलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं ट्यूनिंग) कोणत्या पेट्रोलवर केलाय? पुण्यात १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर ट्यून करून घ्यायचं आणि गावी जाऊन साधं भरायचं, हे मी दर महिन्याला पाहतो. नॉक (पेट्रोल नको तेव्हा पेटल्याचा ठोका) ऐकू आला की ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. मग सिलिंडरमध्ये संपायला हवं ते जळण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चालू राहतं आणि उरलेली उष्णता थेट टर्बोत. ९०० अंश गाठायला वेळ लागत नाही. तिसऱ्या गिअरमधला फुल थ्रॉटलचा लॉग (ईसीयूची नोंद) टाका, टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण) दोन्ही.

बॉनेट मागून उचलू नका. काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे हवा तिथून बाहेर पडण्याऐवजी आत शिरते. सिग्नलला उभं राहिल्यावर निघेल, पण मग तो वास केबिनमध्ये.

पेडल मऊ झालं म्हणजे ब्रेक फ्लुइड बदला. डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक प्रकार) नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी ओढून घेतलं की हीच मर्यादा १५५ वर येते. शेवटचं कधी बदललं होतं?

बावड्याचा_टर्बो
फ्लुइड बदललेलं आठवतच नाही. गाडी घेतली तेव्हाचं असणार, म्हणजे चार वर्षं. आणि हो, टाकीत साधंच होतं. ट्यून १०० वर. लॉग शनिवारी टाकतो.

पत्रा नव्हता. गॅरेजवाल्याला विचारलं तर "तसलं काही नसतंच" म्हणाला. घरी येऊन डिकीत स्टेपनीखाली हात घातला, जुन्या पार्टच्या पिशवीत सापडला. बोल्टसकट.

काका, लावून बघितला. ३ इंची पाइपला एक कोपरा घासतोय. ग्राइंडरनं कापला तर चालंल का?

शिरोलीचे_काका
चालंल. पण कापलेली कड हातोडीनं पलीकडं मुडपून घे, नाहीतर तीच धार नवं बूट फाडंल. आणि डाउनपाइपवरचं जुनं ग्रीस आधी पुसून काढ. ते तसंच ठेवून चालू केलीस तर परत धूर दिसंल आणि घरातले गाडी विकूनच थांबतील.