कोल्हापुरात दारू सोडणाऱ्यांचा गट कोठे आणि कसा शोधावा?

प्रश्न : उद्यमनगरची एक बहीण

माझे थोरले बंधू उद्यमनगरातील एका फाउंड्रीत मोल्डर आहेत. गेल्या वर्षी ते परजिल्ह्यातील व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. परतल्यावर काही महिने त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. मात्र आषाढात मित्रांच्या रस्सा मंडळाला गेले आणि तेव्हापासून रोजचे पिणे पुन्हा सुरू झाले. केंद्रात परत जाण्याची त्यांची तयारी नाही, परंतु आपल्यासारख्याच माणसांत बसून बोलायला मिळाले तर जाईन, असे त्यांनी परवा आपणहून सांगितले. असा गट शहरात कसा शोधावा आणि खर्च किती येतो? तालमीतले किंवा कारखान्यातले कोणी तेथे भेटले तर काय, ही त्यांची मोठी भीती आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : राजारामपुरीतील एक सभासद

ताई, दादा आपणहून बोलले आहेत, तेव्हा या आठवड्यातच हालचाल करा. मी स्वतः मद्यपी असून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आम्ही ज्याला ‘ए. ए.’ म्हणतो, त्या संघटनेच्या बैठकांना जातो. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने पुरते खचलेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून ही संघटना उभी राहिली. आजही बैठकीत मुख्यतः हेच चालते : एक जण आपली हकिकत सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. फी नाही, नोंदणी नाही. शेवटी डबा फिरतो, त्यात सभासद स्वखुशीने टाकतील तेवढेच पैसे जागेचे भाडे आणि चहा यांसाठी वापरले जातात. दारू सोडण्याची इच्छा ही सभासदत्वाची एकमेव अट आहे.

ओळखीच्या माणसाची भीती मी समजू शकतो, कारण आपल्या गावात रंकाळ्यावर फिरायला गेले तरी चार जण हाक मारतात. पण त्या खोलीत भेटणारा ओळखीचा माणूस स्वतःही त्याच कारणासाठी आलेला असतो. तेथे आडनाव विचारले जात नाही आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नाही हा दंडक सभासद मनापासून पाळतात.

बैठकांच्या जागा आणि वेळा बदलत असल्याने जुन्या यादीवर विसंबू नका. संघटनेच्या संकेतस्थळावर चौकशी करा, निघण्यापूर्वी फोनवर खात्री करून घ्या, आणि दादांच्या पाळ्या बदलत असतील तर एकाहून अधिक गटांचे वार लिहून ठेवा. पहिल्या बैठकीत मन रमले नाही, तरी तेवढ्यावरून निर्णय करू नये.

उत्तर : मानसोपचार विभागात काम केलेली परिचारिका

वरील सल्ला योग्य आहे, परंतु त्याआधीची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दोन ते चार दिवसांत तीव्र कंप, भास आणि भ्रम सुरू होऊन जीवाला धोका उद्भवू शकतो. सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील आणि पहिला घोट घेतल्यावरच थांबत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येईल. तेथे किंवा १४४४६ या शासनाच्या मोफत व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर जवळच्या सोयींचीही चौकशी करावी.

‘नकळत जेवणातून द्या’ अशा जाहिरातींच्या पुड्या कृपा करून आणू नयेत. त्यांत डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध असू शकते. ते घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. ते रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

उत्तर : मंगळवार पेठेतील एक गृहिणी

ताई, तुमच्या वहिनींचा आपण कोठेच उल्लेख केला नाही, म्हणून लिहिते. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ नावाची स्वतंत्र संघटना १९५१ पासून आहे, आणि घरातला माणूस पीत असला किंवा नसला तरी तिच्या बैठकांना जाता येते. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उभे राहणे, खिसे तपासणे, सुट्टीसाठी खोटे निरोप देणे, हे मी बरीच वर्षे केले. यजमान त्यामुळे थांबले नाहीत, माझी झोप मात्र गेली. तेथे बसू लागल्यावर मला त्यांच्या पिण्याखेरीज दुसरे काही सुचू लागले. वहिनींनाही आवर्जून सांगा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. दादांचे हात सकाळी थरथरतात, त्यामुळे उद्याच रुग्णालयात जात आहोत. पहिल्या बैठकीला मी त्यांच्यासोबत बसू शकते का?

राजारामपुरीतील सभासद

खुली बैठक असेल तर अवश्य बसा. बंद बैठक केवळ मद्यपींसाठी असते. फोन करताना हे विचारून घ्या, आणि दादा प्रथमच येत आहेत असेही सांगा, म्हणजे कोणीतरी दाराशी थांबेल.