विषय: प्रागचं ज्यू कब्रस्तान, जायचं की नाही?

मंडळी, इस्टरला प्रागला जाणाऱ्या आपल्या गँगमधल्या निम्म्यांना जुनं ज्यू कब्रस्तान बघायचंय आणि निम्मे म्हणतायत सुट्टीत कसलं स्मशान बघायचं. काकू, तुम्ही जाऊन आलायत ना, काय करू?

---

उत्तर:

अरे जा की! सगळ्यात जुना दगड १४३९ चा, आविगदोर कारा या रब्बी-कवीचा (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू), आणि शेवटचं दफन १७८७ चं. मधल्या साडेतीनशे वर्षांत घेट्टोला, म्हणजे ज्यूंच्या कोंडलेल्या वस्तीला, जागा वाढवून मिळेना आणि पुरलेलं माणूस हलवायचं नाही हा धर्माचा नियम, मग काय, वर मातीची भर टाकायची, जुना दगड वर घ्यायचा आणि तिथेच पुढचं दफन, असे काही ठिकाणी दहा-बारा थर झालेत. त्यामुळे ते बारा हजारांच्या आसपास दगड विरार लोकलमधल्या माणसांसारखे एकमेकांवर रेललेत. इतिहासकार डेव्हिड गान्सच्या दगडावर हंस कोरलाय तो शोधा, जर्मनमध्ये गान्स म्हणजे हंसच.

पण नुसते फोटो काढून निघू नका, बाहेर पडताना सेरेमोनियल हॉल लागतो, माझ्या मते खरा माल तिथेय. तो त्यांच्या हेवरा कदिशाचा, म्हणजे अंत्यविधी करणाऱ्या मंडळाचा. १५६४ ला रब्बी एलिएझर अश्केनाझींनी काढलेलं. आजाऱ्याजवळ बसणं, प्रेताला आंघोळ, कफन शिवणं, खड्डा खणणं, खांदा देणं, सगळं सभासदच करायचे, आणि गरीब असो की सावकार, कफन साधं पांढरंच. अठराव्या शतकात त्यांनी या सगळ्याची चित्रं काढून घेतलीयत, एकात कब्रस्तानातून बाहेर पडताना हात धुतायत (आपल्यासारखंच!) आणि एकात चक्क वार्षिक जेवण चाललंय. प्रेताचे केस विंचरायचा चांदीचा कंगवा आणि नखं साफ करायची चांदीची कोरणी पण आहे, मी तिथेच खिळले.

आणि आपल्या मंडळाची कमिटी वाचतेय म्हणून बोलते. आपल्याकडे कोणी गेलं की रात्री व्हॉट्सॲपवर वर्गणी सुरू होते, फ्युनरल होमला फोन कोण करणार ते ठरत नाही. दिवाळीच्या हॉलचं बुकिंग वर्षभर आधी होतं, मग याचा फंड आधी का नको?

---

उत्तर:

काकू, फंडाचं एजीएमच्या अजेंड्यावर टाकतो, मांडायचं तुम्हीच. शनिवारचं तिकीट काढू का?

---

उत्तर:

शनिवारी बंद! ज्यू सणांनाही बंद असतं आणि इस्टरच्या आसपासच बहुतेकदा त्यांचा पेसाख येतो, आधी तारखा बघ. एजीएमला मांडते.