व्हाइटचॅपल १८८८ : कुठल्या कागदावर किती विसंबायचं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. इतिहासात एम. ए. करतोय आणि लघुप्रबंधासाठी जॅक द रिपर प्रकरण घेतलंय. खुनी कोण हे मला शोधायचं नाही. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये १८८८ साली झालेल्या या पाच खुनांबद्दल आपल्याला जे 'माहीत' आहे ते कशावरून माहीत आहे, एवढंच मांडायचंय.

पण वाचून वाचून डोकं गरगरायला लागलंय. एक पुस्तक उघडावं तर खुनी ड्रूइट, दुसरं उघडावं तर कोझ्मिन्स्की, तिसऱ्यात लिव्हरपूलचा कापूस-व्यापारी मेब्रिक. आणि प्रत्येकाकडे अस्सल कागद! मॅकनॉटन या पोलिस अधिकाऱ्याचं टिपण, दुसरे अधिकारी स्वॉन्सन यांच्या पेन्सिलीतल्या नोंदी, खुन्याच्या नावानं आलेलं 'डिअर बॉस' पत्र, वर कॅथरीन एडोजच्या प्रेताजवळची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शालीवरचा डीएनए. मार्गदर्शक म्हणतात, "मूळ साधनं वापर." पण यातलं मूळ कोणतं? आणि मूळ असलं म्हणजे खरं का? कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा.

सूक्ष्मदर्शी

शालीपुरतं सांगतो, बाकी जाणकार बोलतीलच. २०१९ मध्ये शोधनिबंध छापून आला तो मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर आधारलेला होता. हा डीएनए आईकडून येतो आणि एकच प्रकार असंख्य माणसांत सापडतो. एखाद्याला वगळायला तो उत्तम, पण 'हाच तो' म्हणायला फार तोकडा. शिवाय ती शाल शंभर वर्षांहून जास्त काळ कुणाकुणाच्या हातातून फिरली याचा हिशोब कुठाय? सार्जंट सिम्पसननं ती घरी नेली ही त्याच्या घराण्यात चालत आलेली गोष्ट. तो मेट्रोपॉलिटन पोलिसांतला आणि एडोजचा खून झाला मायटर स्क्वेअरमध्ये, म्हणजे सिटी पोलिस या वेगळ्या दलाच्या हद्दीत.

शीघ्रलिपी

रात्रपाळी, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. लोक या प्रकरणात थेट संशयितांच्या यादीवर उडी मारतात.

मी निवृत्त होईपर्यंत कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार काय बोलला आणि कागदावर काय उतरलं, यातलं अंतर मी रोज पाहिलंय. म्हणून तुला सांगते, सुरुवात संशयितांपासून करू नकोस, कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीपासून कर.

आधी काय उरलंय ते बघ. पाच जणींपैकी कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली या दोघींच्याच चौकशीचे मूळ कागद आज हाती आहेत. मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन आणि एलिझाबेथ स्ट्राइड यांच्या चौकश्या कॉरोनर विन बॅक्स्टर यांच्यापुढे झाल्या, ते कागद नाहीत. म्हणजे या तिघींबाबत शपथेवर कोण काय म्हणालं हे आपल्याला जवळजवळ पूर्णपणे टाइम्स, डेली टेलिग्राफ अशा वर्तमानपत्रांतूनच कळतं. पोलिसांच्या आणि गृहखात्याच्या फायली लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पण त्यांतलंही बरंच गहाळ झालंय.

लगेच कुणीतरी म्हणेल की वर्तमानपत्रं म्हणजे मसाला, ती बाजूला ठेवा. तसं अजिबात करू नकोस. एडोज आणि केली यांच्या बाबतीत जबानीही आहे आणि बातमीही. दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ वाच. कॉरोनर साक्षीदाराचं म्हणणं 'मी अमुक केलं, मी तमुक पाहिलं' असं सलग उतरवून घेई आणि खाली सही घेई. यात प्रश्न गळून जातात. बातमीदार मात्र प्रश्नही टिपत. कॅरोलाइन मॅक्सवेलनं शपथेवर सांगितलं, की ९ नोव्हेंबरला सकाळी आठ ते साडेआठच्या दरम्यान मेरी केली आपल्याशी बोलली. बाकी सगळा पुरावा म्हणतो, ती तोवर मेलेली होती. कॉरोनर मॅक्डॉनल्ड यांनी तिला बजावलं, की तुमची साक्ष इतरांपेक्षा वेगळी पडते, सांभाळून बोला. ती तरीही हलली नाही. हे बजावणं आपल्याला बातमीतून कळतं, आणि ते कळल्यावर तीच जबानी वेगळी वाचली जाते. जोसेफ लावेंडचंही तसंच. त्यानं मायटर स्क्वेअरजवळ एका बाईशी बोलणारा माणूस पाहिला होता. तो वर्णन सांगू लागला तेव्हा सिटीचे वकील क्रॉफर्ड मध्ये पडले आणि ज्युरीचा आग्रह नसेल तर आणखी तपशील नकोत म्हणाले. साक्षीतलं वर्णन तोकडं का, याचं उत्तर बातमीत मिळतं. पुढे १९ ऑक्टोबरच्या पोलिस गॅझेटमध्ये ते जास्त तपशिलानं छापलं गेलं.

हे काम झालं, की कोणत्या पेपरचा बातमीदार नेटका, कोण गाळतो, कोण रंगवतो, हे तुझं तुला कळायला लागेल. मग ते माप घेऊन बॅक्स्टर यांच्या हरवलेल्या चौकश्यांकडे जा.

ॲनी चॅपमनचंच घे. २९ हॅनबरी स्ट्रीटच्या मागच्या अंगणात ८ सप्टेंबरला सकाळी सहाच्या सुमारास ती सापडली. डॉक्टर फिलिप्स यांनी साडेसहाला पाहून सांगितलं, मृत्यूला निदान दोन तास झाले, बहुधा जास्तच. पण ते घर भाड्यानं घेऊन राहणाऱ्या बाईंचा मुलगा जॉन रिचर्डसन पावणेपाचच्या आसपास तळघराचं कुलूप पाहायला तिथे गेला होता. अंगणात उतरणाऱ्या पायरीवर बसून त्यानं बुटातलं टोचणारं चामडं कापलं आणि प्रेत तिथे नव्हतं, असं तो म्हणाला. शेजारच्या अंगणातल्या अल्बर्ट कॅडॉशनं साधारण पाच वीस ते साडेपाचच्या मध्ये कुंपणापलीकडून 'नाही' असा आवाज आणि काहीतरी कुंपणावर आपटल्याचं ऐकलं. एलिझाबेथ लाँगनं साडेपाचला चॅपमनला रस्त्यावर एका माणसाशी बोलताना पाहिलं. म्हणजे डॉक्टर एकीकडे आणि तिघे दुसरीकडे, आणि त्या तिघांतही कॅडॉश आणि लाँग यांची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत.

आता बारकाईनं बघ. फिलिप्स यांनी स्वतःच जोडलं होतं, की सकाळ थंड होती आणि रक्त खूप गेलं होतं, त्यामुळे शरीर लवकर गार पडलं असेल. कितीतरी लेखक पहिलं वाक्य घेतात आणि दुसरं सोडून देतात. रिचर्डसनच्या बाबतीत इन्स्पेक्टर चँडलर यांनी साक्ष दिली, की त्या सकाळी तो माझ्याशी बोलला तेव्हा बूट कापल्याचं काही म्हणाला नव्हता. कॉरोनरनं त्याला घरी पाठवून ती सुरी आणवली. जेवणाची साधी सुरी. काही वृत्तांतांत पुढे असंही येतं, की तिला धार नव्हती म्हणून त्यानं बाजारात दुसरी मागून घेतली. मग पायरीवर बसून नेमकं काय कापलं? किती वेळ बसला? सुरीचा हा तपशील काही पेपरांत आहे, काहींत नाही, आणि पडताळायला मूळ जबानी नाही. इथे 'रिचर्डसन खोटं बोलला' किंवा 'डॉक्टर चुकले' असं ठोकून देणाऱ्या लेखकावर माझा विश्वास बसत नाही. तू प्रबंधात ही गाठ जशी आहे तशी दाखव. तुझ्या विषयाचा खरा जीव इथेच आहे.

दुभाष्यामुळे काय होतं त्यासाठी इस्रायल श्वार्ट्झ बघ. स्ट्राइडवर हल्ला होताना पाहिल्याचं सांगणारा हा माणूस. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं पोलिसांना दिलेली मूळ जबानी हरवली आहे, उरलाय तो स्वॉन्सन यांनी १९ ऑक्टोबरच्या अहवालात दिलेला गोषवारा. शिवाय १ ऑक्टोबरच्या स्टार पेपरमधली मुलाखत. पोलिसांकडच्या कथेत रस्त्यापलीकडचा दुसरा माणूस पाइप पेटवत असतो, स्टारमध्ये त्याच्या हातात सुरी येते. दोन्ही वेळा मध्ये दुभाषा होता. दुभाष्यामार्फत झालेल्या साक्षी मी टिपल्या आहेत, त्यामुळे मला यात लबाडी शोधायची घाई वाटत नाही. पण सुरी की पाइप यावर इमारत बांधणाऱ्यांची भीती वाटते.

शाल आणि मेब्रिकची म्हणून पुढे आलेली कबुलीची डायरी, दोघांसाठी एकच कागद पुरेसा आहे. एडोजच्या अंगावरच्या आणि जवळच्या वस्तूंची पोलिसांनी केलेली यादी. काळी गवती टोपी, पुरुषी पांढरं वेस्टकोट, साबणाचा तुकडा, चहा आणि साखरेच्या डब्या, पांढऱ्या चिंध्या, मोहरीच्या डबीत ठेवलेल्या गहाणाच्या दोन पावत्या. ज्यानं ही यादी केली त्याला पुढे कशाला महत्त्व येणार याची कल्पना नव्हती, कुठलाही सिद्धांत मांडायचा नव्हता. मला या प्रकरणातला सगळ्यांत विश्वासू कागद तोच वाटतो. आणि त्या बाईचं अख्खं घर त्या यादीत आहे हे वाचताना पोटात कालवतं. शाल त्यात नाही. रिकामी पत्र्याची काडेपेटी आहे, आणि ती जवळपास त्याच शब्दांत मेब्रिकच्या नावावरच्या डायरीत येते. डायरी उजेडात आली १९९२ मध्ये, ही यादी त्याआधीच्या दशकात छापून झाली होती. ज्यानं ती डायरी पुढे आणली त्यानं नंतर आपणच ती बनवल्याचं प्रतिज्ञापत्रही केलं, मग ते मागेही घेतलं. तिच्यावर तू पान खर्ची घालू नयेस असं मला वाटतं.

पत्रांचं थोडक्यात. 'डिअर बॉस' पोलिसांकडे आलं नव्हतं, ते आलं सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेकडे. जॅक द रिपर हे नाव त्या पत्रातून जगाला मिळालं. १९१३ मधल्या एका खासगी पत्रात माजी पोलिस अधिकारी लिटलचाइल्ड यांनी लिहिलं, की ते त्याच संस्थेतल्या पत्रकाराचं काम असल्याचा स्कॉटलंड यार्डात समज होता. खुन्याचं मन वाचायला ते पत्र वापरू नकोस. १८८८ च्या वर्तमानपत्री धंद्याबद्दल लिहायला मात्र ते सोनं आहे.

दिवाभीत

शीघ्रलिपी, सगळं पटलं, पण एक शंका. मॅकनॉटन, अँडरसन, स्वॉन्सन हे तर आतले लोक. हरवलेल्या फायली त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या. मग त्यांचा शब्द वर्तमानपत्रापेक्षा वरचढ नको का?

शीघ्रलिपी

दिवाभीत, आतले होते हे खरं. म्हणूनच त्यांना एकत्र बसवून बघा. मॅकनॉटन यांचा कल ड्रूइटकडे. अँडरसन यांनी १९१० च्या आठवणींत एका पोलिश ज्यूकडे बोट दाखवलं, आणि त्या पुस्तकाच्या प्रतीत स्वॉन्सन यांनी पेन्सिलीनं 'कोझ्मिन्स्की' लिहिलं. लिटलचाइल्ड यांना टम्बल्टी नावाचा अमेरिकन वैदू संशयास्पद वाटत होता. प्रत्यक्ष रस्त्यावर तपास केलेले ॲबरलाइन १९०३ मध्ये क्लोसोव्स्कीचं नाव घेत होते. एकाच तपासातून बाहेर पडलेली ही चार वेगवेगळी मतं.

मॅकनॉटन तर पोलिसांत आले जून १८८९ मध्ये, पाचही खून होऊन गेल्यावर. त्यांचं टिपण फेब्रुवारी १८९४ चं, आणि ते का लिहिलं गेलं? सन या पेपरनं कटबुश नावाच्या माणसावर आरोप केला होता, तो खोडायला. 'याच्यापेक्षा हे तिघे जास्त संशयास्पद' असा त्याचा सूर आहे. त्यात ड्रूइटला डॉक्टर म्हटलंय, होता बॅरिस्टर आणि शाळामास्तर. घराण्यात राहिलेल्या दुसऱ्या प्रतीत त्याचं वय ४१, प्रत्यक्षात ३१. त्या तिघांतला ओस्ट्रॉग तर खुनांच्या काळात फ्रान्समध्ये कैदेत होता. स्वॉन्सन यांच्या नोंदीत कोझ्मिन्स्की वेड्यांच्या इस्पितळात लवकरच मेला असं आहे, पण ॲरन कोझ्मिन्स्की वारला १९१९ मध्ये.

फायली पाहणारा माणूसही आठवणीतून लिहितो तेव्हा वय, धंदा, मृत्यू असल्या तपासता येणाऱ्या गोष्टींत घसरतो. मग ज्या गोष्टी आज तपासताच येत नाहीत, तिथे त्याला पूर्ण गुण कसे द्यायचे? हे कागद टाकाऊ मुळीच नाहीत. यार्डातले वरिष्ठ पुढे काय मानत होते, याचा तो पहिल्या हाताचा पुरावा आहे.

रात्रपाळी

ताई, किती आभार मानू! प्रकरणाची रचनाच डोळ्यापुढे आली. एक शेवटचं विचारतो. खुनाच्या रात्री केलीला एका माणसाबरोबर पाहिल्याचं सांगणाऱ्या जॉर्ज हचिन्सनची जबानी तर मूळ, सही केलेली, त्याच आठवड्यातली. तुमच्या कसोटीवर ती पहिल्या नंबरात बसायला हवी ना?

शीघ्रलिपी

कागद म्हणून बसते. अस्सल आहे, त्याच्या सह्या आहेत, 'टेन बेल्स' हे दारूच्या गुत्त्याचं नाव खोडून 'क्वीन्स हेड' केलेलं आहे, म्हणजे बोलता बोलता दुरुस्ती झाली तीही दिसते. ॲबरलाइन यांनी त्याच दिवशी आपल्याला हा खरा वाटतो असं लिहिलं. कागदाबद्दल काही शंका नको.

त्यातल्या मजकुराला मात्र वेगळं तपास. तो आला १२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, खुनानंतर तीन दिवसांनी आणि केलीची चौकशी त्याच दिवशी उरकल्यावर. त्याची शपथेवर उलटतपासणी कधीच झाली नाही. आणि रात्री दोनच्या सुमारास पाहिलेल्या माणसाच्या कोटाची अस्त्राखान, म्हणजे कुरळ्या लोकरीची किनार, घोड्याच्या नालाच्या आकाराची टायपिन, जाड सोन्याची साखळी, लाल रुमाल, इतकं सगळं तो सांगतो. दोन दिवसांनी वर्तमानपत्रांत आलेली त्याची हकिगत आणखी फुगलेली आहे. ती जबानीशेजारी ठेव आणि काय काय वाढलं त्यावर पेन्सिलीनं खुणा कर. १५ तारखेपर्यंत स्टारनं तर त्याला मोडीतच काढलं होतं. ॲबरलाइन यांचं मत नंतर बदललं का, हे सांगणारा कागद फायलीत नाही. तेवढी जागा प्रबंधात मोकळी सोड.