मदत हवी आहे: प्रारूप विकास आराखड्यावर हरकत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी. आमच्या नगरपरिषदेचा सुधारित प्रारूप विकास आराखडा (गावातली कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारा कच्चा आराखडा) प्रसिद्ध झाला आहे. हरकती-सूचनांसाठी ३० दिवस असतात, त्यातले ११ गेले.

काल तासभर भिंतीवरच्या नकाशासमोर उभा होतो. गावठाणामागून वाहणारा ओढा त्यात दिसतच नाही! त्या जागी सलग पिवळा रंग, म्हणजे निवासी विभाग. मागच्या श्रावणात याच ओढ्याचं पाणी आमच्या गल्लीत गुडघाभर होतं, घरातली पिठाची कोठी उचलून माळ्यावर ठेवावी लागली. आराखडा एकदा मंजूर झाला की वीस-वीस वर्षं तोच चालतो, म्हणून जीव तुटतोय.

मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा २०१५ मध्ये चुकांमुळे नव्याने करावा लागला होता, तेव्हा लोकांनी बोललेलं ऐकलं जातं एवढा विश्वास आहे.

विचारायचं हे की, पुरावा म्हणून काय जोडावं? जुना गाव नकाशा, मोजणीची नक्कल आणि पुराचे फोटो पुरतील का? विद्यमान जमीन वापर नकाशात (म्हणजे आज कोणती जमीन कशासाठी वापरात आहे ते दाखवणाऱ्या नकाशात) ओढा आहे की नाही हे आधी तपासावं का? आणि सगळ्या गल्लीने एकाच अर्जावर सह्या कराव्यात, की घरटी वेगळा अर्ज द्यावा? हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीपुढे सुनावणीला कुणी गेलं असेल तर तिथे बोलायला किती वेळ मिळतो, तेही सांगा. आमच्यातले बरेच जण पहिल्यांदाच जाणार आहेत.

कुणाकडे हरकतीचा नमुना असेल तर कृपया टाका, रविवारी गल्लीची बैठक आहे.